विवेकाची बिजागरी
(ख्रिस्ती विचारातील हेतुपूर्ण जीवन)

कामरेजच्या चार रस्त्यावर पहाटेच्या वेळी क्षणभर उभे राहिले, तर एक साधी गोष्ट ध्यानात येते. एक वाट मुंबईकडे जाते, एक अहमदाबादकडे, एक सुरत शहरात शिरते. गाडी कितीही उत्तम असो, चालक कितीही निष्णात असो. कोठे जावयाचे हेच जर ठरलेले नसेल, तर त्या उत्तम गाडीचा व त्या निष्णात चालकाचा काय उपयोग? मनुष्याच्या आयुष्याचेही असेच आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे दिवस जातात. आपण ते घालवितो असे म्हणणे कठीण आहे. सकाळ होते, काम होते, राग येतो, राग जातो, रात्र होते. यात आपण स्वतः ठरवून केलेले असे किती असते?

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी सूचना आली, तेव्हा हाच विषय मनात आला. तो मी ख्रिस्ती विचाराच्या आधारे मांडणार आहे. मी मुसलमान आहे, पेशाने शिक्षक आहे. तेव्हा हा विषय मी का निवडला असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे एक कारण अभ्यासाचे आहे व एक माझ्या हातून घडलेल्या चुकीचे आहे. अभ्यासाचे प्रथम सांगतो. चुकीचे ओघाने येईल.

मनुष्याचे कृत्य कोणते?

इसवी सनाच्या तेराव्या शतकात इटलीत संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) हा थोर ख्रिस्ती तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याच्या महाग्रंथात नीतीच्या विवेचनाचा आरंभच एका मार्मिक भेदाने झाला आहे. तो म्हणतो की, मनुष्याकडून घडणारी प्रत्येक गोष्ट ही खऱ्या अर्थाने मनुष्याचे कृत्य नव्हे. दुसऱ्याच विचारात असताना माणूस नकळत पाय हलवितो, दाढी कुरवाळतो. हे त्याच्याकडून घडते, पण ते त्याने केलेले नसते. जे बुद्धीने जाणून व इच्छेने निवडून, काही एक हेतू डोळ्यांपुढे ठेवून केले जाते, तेच मनुष्याचे कृत्य. मलाही दाढी आहे व ती कुरवाळण्याची सवयही आहे. त्यामुळे हा दृष्टांत वाचून मी मनाशी हसलो. परंतु हसू ओसरल्यावर विचार आला की, दिवसभरात माझ्या हातून घडणाऱ्या गोष्टींपैकी दाढी कुरवाळण्याच्या जातीच्या किती, आणि खरोखर मी केलेल्या किती?

हेतुपूर्ण जीवन म्हणजे दुसरे काही नव्हे; घडणाऱ्या गोष्टींचा वाटा कमी करून केलेल्या गोष्टींचा वाटा वाढविणे होय.

चार बिजागऱ्या

यासाठी साधने कोणती? ख्रिस्ती परंपरेने याचे उत्तर देताना ग्रीक तत्त्ववेत्त्यांचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले आहे. प्लेटोने सांगितलेले विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार सद्गुण ख्रिस्ती आचार्यांनी आपलेसे केले. चौथ्या शतकातील मिलानचे धर्माध्यक्ष संत अँब्रोज यांनी त्यांना जे नाव दिले, त्याचा उगम लॅटिन भाषेतील ‘कार्दो’ या शब्दात आहे. ‘कार्दो’ म्हणजे दाराची बिजागरी. दार केवढेही मोठे असो, ते फिरते बिजागरीवर. तद्वतच मनुष्याचे सारे नैतिक जीवन या चार गुणांवर फिरते, अशी ही कल्पना आहे.

या चारांत विवेकाला अग्रमान आहे. विवेक म्हणजे केवळ हुशारी नव्हे, की धोरणीपणाही नव्हे. अक्वायनसच्या मते विवेकाची तीन पावले आहेत: प्रथम विचारविनिमय, नंतर निर्णय, आणि शेवटी अंमल. यांत तिसरे पाऊल सर्वांत महत्त्वाचे. पुष्कळ माणसे उत्तम विचार करतात, अचूक निर्णयही घेतात, आणि तेथेच थांबतात. अशा माणसाला आपण विद्वान म्हणू. परंतु विवेकी म्हणता येणार नाही.

न्याय म्हणजे ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची स्थिर इच्छा. धैर्य म्हणजे भीती नसणे नव्हे. भीती असतानाही योग्य ठिकाणी पाय रोवून उभे राहणे. आणि संयम म्हणजे इच्छांचा खून नव्हे, तर त्यांना मापात आणणे. या शेवटच्या मुद्द्याबद्दल आपल्याकडे बराच गैरसमज आहे. संयमी मनुष्य म्हणजे कोरडा, हसू न येणारा मनुष्य अशी एक समजूत रूढ आहे. अक्वायनसची भूमिका याच्या उलट आहे. योग्य कारणासाठी, योग्य प्रमाणात राग येणे हे त्याच्या दृष्टीने दूषण नाही. अन्याय पाहूनही ज्याला राग येतच नाही, त्याच्यातही काही उणे आहे असेच तो मानतो.

बुद्धीने वासनांवर राज्य करावे ते कसे? येथे त्याने अॅरिस्टॉटलचा एक दृष्टांत घेतला आहे. धनी गुलामावर हुकमत चालवितो तशी नव्हे, तर शासक स्वतंत्र नागरिकांवर राज्य करतो तशी. नागरिकांना स्वतःचे म्हणणे असते, ते प्रसंगी विरोधही करतात; त्यांना समजावून, वळण लावून बरोबर न्यावे लागते. कोणत्याही शिक्षकाला हे पटेल. छडीच्या धाकाने वर्ग गप्प बसतो, पण गुरुजींची पाठ वळताच पुन्हा गोंगाट होतो. वळण लागलेला वर्ग मात्र गुरुजी नसतानाही काम करीत असतो. मनाचेही तसेच आहे. दडपलेली इच्छा व वळण लागलेली इच्छा यांतील फरक आपली पाठ वळल्यावरच समजतो.

वळण हे सवयीने लागते. सद्गुण म्हणजे एखादे सत्कृत्य नव्हे. वारंवार केलेल्या सत्कृत्यांनी मनाला जडलेला स्थायी भाव होय. एक दिवस खरे बोललो म्हणून कोणी सत्यवादी ठरत नाही.

ज्ञानाची देवघेव

येथे एक ऐतिहासिक गोष्ट नमूद केली पाहिजे. दहाव्या शतकात बगदादमध्ये याह्या इब्न अदी नावाचा ख्रिस्ती पंडित होता. त्याचे एक गुरू ख्रिस्ती होते व दुसरे गुरू म्हणजे प्रसिद्ध मुस्लिम तत्त्वज्ञ अल-फाराबी. याह्याने चारित्र्यशुद्धीवर अरबी भाषेत एक ग्रंथ लिहिला. ९७४ मध्ये तो निवर्तला. त्यानंतरच्या पिढीतील मुस्लिम विचारवंत मिस्कवैह (मृत्यू १०३०) यानेही त्याच विषयावर, जवळजवळ त्याच नावाने ग्रंथ रचला, आणि त्यातही विवेक, न्याय, धैर्य, संयम हे चार गुणच पायाभूत धरले. पुढे अक्वायनसने अॅरिस्टॉटलचा अभ्यास केला तो कोर्डोव्हाच्या इब्न रुश्द (११२६–११९८) याची भाष्ये जवळ ठेवून. त्याचा उल्लेख तो बहुधा नुसता ‘भाष्यकार’ असा करतो. कित्येक ठिकाणी त्याने त्याचे मत खोडूनही काढले आहे. परंतु ज्याची मते खोडावयाची त्याचा ग्रंथ आधी नीट वाचला पाहिजे, हा धडाही त्यात आहेच.

सारांश, या विचाराच्या वाटेवर ग्रीक, ख्रिस्ती आणि मुसलमान हे एकमेकांच्या दिव्याने चाललेले आहेत.

कळते, पण वळत नाही

मात्र ख्रिस्ती विचार ग्रीकांपाशीच थांबला असता, तर त्याला स्वतःचे असे वेगळेपण उरले नसते. बुद्धीला चांगले कोणते ते कळले म्हणजे मनुष्य ते करील, असा काही ग्रीकांचा विश्वास होता. ख्रिस्ती अनुभव तसा नाही. चांगले म्हणून जे कळते ते हातून होत नाही, आणि जे नको असते तेच होऊन बसते, ही व्यथा संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मांडली आहे. संत ऑगस्टिनने (३५४–४३०) आपल्या आत्मवृत्तात किशोरवयातील एक आठवण सांगितली आहे. मित्रांसमवेत त्याने शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळे होती. केवळ चोरण्याच्या मौजेसाठी चोरली. या क्षुल्लक गोष्टीवर त्याने पाने खर्च केली आहेत, कारण त्याला प्रश्न पडला आहे तो असा: वाईट आहे हे ठाऊक असूनही, आणि लाभ काहीच नसूनही, मनुष्य वाईट का करतो?

म्हणून ख्रिस्ती परंपरेने चार गुणांच्या जोडीला विश्वास, आशा व प्रीती हे आणखी तीन गुण ठेवले, आणि सांगितले की हे तीन केवळ प्रयत्नाने मिळत नाहीत. ते ईश्वराच्या कृपेने लाभतात. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पवित्र आत्म्याच्या फळाची जी नऊ लक्षणे दिली आहेत, त्यांत पहिले प्रीती आहे आणि शेवटचे आत्मसंयमन. मराठी बायबलात त्यासाठी ‘इंद्रियदमन’ असा शब्द योजिलेला आढळतो. संयमालाही त्यांनी फळच म्हटले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. शेतकरी नांगरतो, पेरतो, राखण करतो. पण फळ तो स्वतः बनवीत नाही. कृपेच्या या सिद्धांताच्या तपशिलात त्यांचे व माझे धर्मशास्त्र वेगळ्या वाटांनी जाते. परंतु आपल्या प्रयत्नाला मर्यादा आहे, ही नम्रता दोहोंकडे सारखीच आहे.

रोजचा हिशेब

तत्त्व झाले, आता रीत पाहू. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांपैकी एव्हाग्रियस (मृत्यू ३९९) याने मनाला सतावणाऱ्या आठ विचारांची यादी केली. त्यांत खादाडपणा, लोभ, राग, विषाद, गर्व इत्यादी येतात. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी तिची फेरमांडणी केली, आणि त्यातूनच सात पातकांची प्रसिद्ध यादी रूढ झाली. एव्हाग्रियसचे मर्म असे की, असा विचार मनाच्या दाराशी येणे आपल्या हाती नसते. त्याला आत घेऊन बसावयास आसन देणे मात्र आपल्या हाती असते.

स्पेनमधील इग्नेशियस लोयोला हा मूळचा सैनिकी बाण्याचा मनुष्य. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्यापडल्या तो आपल्या मनातील विचारांकडे पाहू लागला. काही विचार आले असता गोड वाटत, पण गेल्यावर मन कोरडे पडे. काही विचार गेल्यावरही समाधान मागे राही. या निरीक्षणातून त्याची साधनेची पद्धती तयार झाली व १५४८ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली गेली. त्यात एका दोषाशी झुंजण्याची रीत अगदी हिशेबनिसाला शोभेल अशी आहे. सकाळी उठताच तो एक दोष आठवून निश्चय करावा. दुपारी व रात्री, दोन वेळा, तासातासाचा आढावा घेऊन जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके ओळीवर मांडावे. मग सकाळची ओळ दुपारच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहावा.

याच इग्नेशियसचा सहकारी फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास आला. आणि त्याच संघाचा फादर स्टीफन्स १५७९ मध्ये. या इंग्रज पाद्र्याने मराठी आत्मसात करून दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. आपल्या सुरतेतही लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८१५ मध्ये सुरू झाले होते. म्हणजे हा विचार आपल्या किनाऱ्याला परका नाही.

इमाम गझाली (मृत्यू ११११) यांच्या ग्रंथात मुहासबा म्हणजे आत्म्याचा हिशेब या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. व्यापारी जसा आपल्या भागीदाराशी आधी अटी ठरवितो, मग लक्ष ठेवतो, शेवटी हिशेब घेतो, तसा मनुष्याने स्वतःच्या मनाचा घ्यावा असे ते सांगतात. सुरतेच्या व्यापारी वाचकांना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

मराठी घरातील उदाहरणे

हे सर्व पोथीतले वाटत असेल, तर आपल्या भाषेतील माणसांकडे पाहू.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ संस्कारांत वाढलेल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीजवळ राहावयास आल्या, तरी सोवळे-ओवळे कायम होते. पाणी वेगळे, चूल वेगळी. परंतु पुढे त्यांनी स्वतःशीच विचार केला की, जातिभेद ईश्वराने केला की मनुष्याने? पशुपक्ष्यांच्या जाती रूपावरून ओळखू येतात; मग मनुष्यामनुष्यांत तसे चिन्ह का नाही? हा विचार तडीस नेऊन त्यांनी ठरविले की आजपासून कोणाच्याही हातचे चालेल. आणि त्याप्रमाणे वागल्या. विचार, निर्णय, अंमल ही अक्वायनसची तिन्ही पावले एका अल्पशिक्षित मराठी स्त्रीने, त्याचे नावही न ऐकता, चालून दाखविली. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात ही हकीकत आली आहे.

त्याच ग्रंथात टिळकांचा शीघ्रकोप आणि त्यांचे अनावर औदार्य ही दोन्हीही आहेत. खिशातील पैसा घरी पोहोचण्याआधीच कोणा गरजूच्या हाती जावयाचा, आणि घरात मीठमिरचीची चिंता लक्ष्मीबाईंनी करावयाची. टिळकांच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. परंतु प्रीतीला विवेकाची बिजागरी नसली, तर दार आपल्याच माणसांच्या अंगावर कोसळते, हेही येथे दिसते.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दोहोंचा मेळ आढळतो. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण जे बुद्धीला पटत नाही ते केवळ वडीलधाऱ्यांच्या अधिकारावरून मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. आश्रय देणाऱ्या धर्मभगिनींशी झालेला त्यांचा तो स्पष्ट पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेल्या या बाईने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार मुली आणल्या. १९०० च्या, म्हणजे गुजरातेत ज्याला ‘छप्पनियो’ म्हणतात त्या दुष्काळातही आपल्या या प्रांतातील मुलींना केडगावच्या मुक्तिसदनात आसरा मिळाला. पण त्या नुसते अन्न देऊन थांबल्या नाहीत. विणकाम, तेलाची घाणी, छापखाना, शेती असे एकेक काम मुलींच्या हाती दिले. करुणा सर्वांनाच येते; करुणेला वेळापत्रक देणारे थोडे.

एक कबुली

आता माझ्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा रोज उशिरा येई. एके दिवशी माझा तोल सुटला. मी त्याला हात लावला नाही. पण चाळीस मुलांसमोर त्याच्या बापाविषयी जे बोललो ते माराहून वाईट होते. दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत येईना. आठवडा उलटल्यावर मी चौकशी केली, तेव्हा कळले की बाप लूमच्या कारखान्यात रात्रपाळीला, आई अंथरुणाला खिळलेली. स्वयंपाक करून, धाकट्या बहिणीला तिच्या शाळेत सोडून हा धावत येत असे. मी त्याच्या घरी गेलो व त्याच्या बापासमोर त्याची क्षमा मागितली. बाप म्हणाला, “गुरुजी, तुम्ही बसा तरी.” ते चार शब्द मला अजून ऐकू येतात.

मुलगा परत आला. त्याच्या पुस्तकांची सोय आपल्या न्यासाच्या पुस्तकपेढीतून झाली. पण माझ्या रागाची सोय मलाच लावावयाची होती. मी त्या स्पॅनिश सैनिकाची रीत उचलली. एक छोटी वही केली व ठिपके मांडू लागलो. पहिल्या आठवड्याचे पान पाहून माझी मलाच लाज वाटली. परंतु तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट ध्यानात आली: बहुतेक ठिपके मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला पडत होते. सकाळी उपाशीपोटी घाईने निघालेला मनुष्य त्या वेळी चिडणार नाही तर काय करील! मी घरून थोडे खाऊन निघू लागलो, आणि त्या तासाला मुलांना उत्तरे मागण्यापूर्वी स्वतः एक घोट पाणी पिऊ लागलो. ठिपके कमी झाले. संपले मात्र नाहीत. वही अजून चालू आहे. ज्याला मी स्वभाव म्हणून मिरवीत होतो त्याचा बराच भाग सवयीचा व भुकेचा होता, एवढे मात्र कळले.

आपल्यासाठी

न्यास ही संस्था म्हणजे समाजाने एकत्र येऊन केलेले एक मनच होय. म्हणून या चार बिजागऱ्या तिलाही लागू आहेत. मदत देताना चार प्रश्न विचारता येतील. विवेकाचा: या पैशाने याची अडचण सुटेल, की केवळ आजचा दिवस ढळेल? न्यायाचा: ओळखीचा म्हणून याला, आणि अनोळखी म्हणून त्याला नाही, असे तर होत नाही ना? धैर्याचा: नाही म्हणावयाचे तेथे, मोठ्या माणसाची चिठ्ठी आली तरी, आपण नाही म्हणू शकतो का? आणि संयमाचा: देताना आपले नाव व घेणाऱ्याचा चेहरा छायाचित्रात आलाच पाहिजे, हा मोह आपण आवरू शकतो का?

या चारांवर दार नीट फिरू लागले, म्हणजे प्रीतीला आत येण्यास वाट मिळेल. तो मुलगा आज कमावता झाला आहे. मध्यंतरी चार रस्त्यावर भेटला, घाईत होता. मी विचारले, “कोठे निघालास?” तो हसून म्हणाला, “गुरुजी, ठरवूनच निघालोय. उशीर नाही झाला.”